एफवायलाच रिसर्चला हात कसा घालायचा : ठाणे-नवी मुंबईच्या बीएस्सीवाल्यांसाठी

दरवर्षी ॲडमिशनचा गोंधळ संपला की आपल्याकडच्या एफवायच्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, रिसर्च करायचाय पण आत्ता कोण घेणार? मग सीनियर सांगतात आधी बेसिक पक्कं कर, टीवायला बघू, घरचे सांगतात आधी मार्क काढ, आणि टीवाय येतं तेव्हा एंट्रन्सचे क्लासेस सुरू झालेले असतात, सो राहून जातं. मला हा सल्ला मुळातच पटत नाही. काम हातात पडलं की बेसिक आपोआप पक्कं करावं लागतं, आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, जगातल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी पहिल्या वर्षाची पोरं लॅबमध्ये घेऊन हे करून बघितलंय.

म्हणून आधी ते लोक नेमकं काय करतात ते थोडं बघू, नाहीतर आपण इथे काय शोधायचं तेच कळणार नाही.

सगळ्यात जुनं नाव एमआयटीचं. १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तिकडे यूरॉप नावाचा प्रोग्रॅम सुरू केला, म्हणजे डिग्री चालू असतानाच प्रोफेसरच्या चालू प्रोजेक्टमध्ये जाऊन काम करायचं, त्याचं क्रेडिट घ्या नाहीतर पैसे घ्या. कॅलटेकचा उन्हाळी फेलोशिपवाला सर्फ १९७९ चा. मिशिगन युनिव्हर्सिटीने १९८९ मध्ये स्वतःचा यूरॉप काढला तो फक्त १४ विद्यार्थी-प्रोफेसर जोड्यांनी, आणि त्यांचा हेतू टॉपर शोधण्याचा नव्हताच, पहिल्या-दुसऱ्या वर्षात जी मुलं कंटाळून किंवा बिचकून कॉलेज सोडतात ती टिकावीत हा होता. हे मला फार भारी वाटतं, कारण आपल्याकडे उलटं असतं, रिसर्च म्हणजे पहिल्या पाचात येणाऱ्यांचं बक्षीस.

पण मोठ्या संख्येने करायचं तर टेक्सास युनिव्हर्सिटीच्या ऑस्टिन कॅम्पसचं मॉडेल बघण्यासारखं आहे. फ्रेशमन रिसर्च इनिशिएटिव्ह (एफआरआय), २००५ पासून चालू आहे. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथड्सचा कोर्स, प्रश्न कसा मांडायचा, कंट्रोल म्हणजे काय, डेटावर विश्वास कधी ठेवायचा वगैरे. दुसऱ्या सेमिस्टरला एखाद्या 'स्ट्रीम'मध्ये जायचं, म्हणजे एका खऱ्या संशोधन विषयावर चालणारी मोठी टीचिंग लॅब, तिथे पीएचडी झालेला एक माणूस फुलटाइम आणि जोडीला आधीच्या बॅचचे सीनियर. आवडलं तर तिसरं सेमिस्टरपण तिथेच. ह्या प्रोग्रॅमवर २०१६ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात तीनही सेमिस्टर पूर्ण करणाऱ्यांपैकी ९४ टक्के मुलं सायन्स-इंजिनियरिंगकडचीच डिग्री घेऊन बाहेर पडली, तशाच पार्श्वभूमीच्या पण प्रोग्रॅममध्ये नसलेल्या मुलांत हा आकडा ७१ होता.

आणि तिसरं उदाहरण सी-फाजेसचं, हे माझं आवडतं. हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूट आणि पिट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल यांनी २००८ मध्ये हे अनेक कॉलेजांत मिळून सुरू केलं. पहिल्या वर्षाचं पोर मातीचा नमुना आणतं, त्यातून फाज म्हणजे बॅक्टेरिया खाणारा व्हायरस वेगळा काढतं, त्याला हवं ते नाव देतं, मग त्याचा जीनोम वाचून जीन कुठे सुरू होतो कुठे संपतो ते ठरवून जेनबँक नावाच्या खुल्या जीन-डेटाबेसमध्ये टाकतं. डर्बनमधल्या एका विद्यार्थिनीला २०१० मध्ये कंपोस्टमधल्या सडक्या वांग्यावर असा एक फाज सापडला, त्याचं नाव मडी. पुढे लंडनमध्ये एका १५ वर्षांच्या मुलीला फुफ्फुसं बदलल्यावर असं इन्फेक्शन झालं की कुठलंच अँटिबायोटिक चालेना, तेव्हा हॅटफुल यांच्या कलेक्शनमधून तीन फाज निवडून तिला दिले आणि तिची तब्येत सुधारली, २०१९ मध्ये त्याचा पेपर आला. त्या तिघांतला एक मडी. तर, एफवायला काय जमणार म्हणणाऱ्यांना हे वांगं दाखवा.

आता लगेच प्रश्न येणार की आपण ह्यांना अप्लाय करू शकतो का. बहुतेक नाही. यूरॉप, एफआरआय वगैरे त्या-त्या युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी, आणि अमेरिकन सरकारी पैशांवर चालणारे आरईयू समर प्रोग्रॅम जवळपास सगळे तिथल्या नागरिकांसाठी किंवा कायम रहिवाशांसाठी. कॅनडाचं मिटॅक्स ग्लोबलिंक आपल्याला उघडं आहे पण ते डिग्रीच्या शेवटाकडे आलेल्यांसाठी. त्यामुळे कुणी पैसे घेऊन एफवायला अमेरिकेत रिसर्च इंटर्नशिप लावून देतो म्हणाला तर नंबर ब्लॉक करा.

आपण त्यांच्याकडून घ्यायचं काय, तर ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा खरा प्रश्न, एकट्याने न करता ग्रुपने आणि एका सीनियरच्या हाताखाली करणं, आणि निदान वर्षभर त्याच कामाला चिकटून राहणं. इथे ठाण्यात, वाशीत, पनवेलला हे कुणी ताटात वाढून देणार नाही, तुकडे गोळा करून आपणच जुळवायचं. कसं ते खाली.

पायरी १. स्वतःच्या कॉलेजपासून सुरुवात

ठाण्याचं बांदोडकर असो, वाशीचं केबीपी असो, नेरूळचं एसआयईएस असो की नवीन पनवेलचं सीकेटी, कॉलेजच्या साईटवर डिपार्टमेंटच्या शिक्षकांची यादी असते. एकेकाचं नाव गूगल स्कॉलरवर टाकायचं आणि गेल्या तीन-चार वर्षांत कुणाचे पेपर आलेत ते बघायचं. कोण पीएचडीचे गाइड आहेत तेही बघा, कारण गाइड असले की त्यांच्याकडे रिसर्च स्कॉलर असतात, आणि तुम्हाला रोजचं काम शिकवणार ते तेच दादा-ताई, सर नाही. अजून एक सोर्स म्हणजे लॅब असिस्टंट काका. कुठल्या मॅडम संध्याकाळी पाचनंतरपण लॅबमध्ये असतात, इनक्युबेटर कुणासाठी चालू असतो, हे सगळं त्यांना माहीत असतं.

मग प्रॅक्टिकल संपल्यावर किंवा स्टाफरूममध्ये वेळ बघून जायचं, लेक्चरच्या मध्येच दारात उभं राहायचं नाही. बोलायचं काय? "मॅडम, मी एफवायला आहे, तुमचा खाडीतल्या शेवाळावरचा पेपर वाचला, अर्धा कळला, आठवड्यातून दोन दुपारी रिकामी असते, ताईंना काही मदत लागली तर करीन." एवढं बस. मला पब्लिकेशन पाहिजे किंवा मला सर्टिफिकेट मिळेल का हे पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. सुरुवातीला काचेची भांडी धुणं, मीडिया (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) बनवणं, एक्सेलमध्ये आकडे भरणं हेच मिळेल आणि ते मिळालंच पाहिजे, कारण भांडी नीट न धुतल्यामुळे रीडिंग कसं चुकतं हे तिथेच कळतं.

नाही म्हणाले तर? दुसऱ्यांना विचारा. नाही म्हणण्याचं कारण बहुतेक वेळा तुम्ही नसता, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाइल असते.

पायरी २. प्रश्न शोधणं (इथे घाई करू नका)

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. मुलं येतात ते कॅन्सर क्युअर करायचा, ब्लॅक होलवर काम करायचं असं घेऊन. मोठं स्वप्न ठेवा, पण पहिला प्रश्न असा पाहिजे की तुमच्या लॅबमधल्या सामानात, दोन-तीन महिन्यांत, हो किंवा नाही असं काहीतरी उत्तर निघेल.

एक उदाहरण नीट बघू. ठाणे तलावांचं शहर, मासुंदा, उपवन, कचराळी, हाकेच्या अंतरावर. गणपती विसर्जनाने तलावाच्या पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो का, हा प्रश्न साधा आहे आणि कॉलेज सुरू झाल्यावर महिना-दीड-दोन महिन्यांत गणपती येतात त्यामुळे वेळही जुळतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला विंकलर पद्धत लागते, तिची रसायनं बहुतेक सगळ्या केमिस्ट्री लॅबमध्ये असतात. ३०० मिलीची बीओडी बाटली, बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून ऑक्सिजन 'फिक्स' करायचा, तपकिरी साका बसतो, मग लॅबमध्ये आणून सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. हे ॲसिड वगैरे रिक्षातून घेऊन फिरायचं नाही, ते लॅबमध्येच.

इथपर्यंत प्रॅक्टिकल झालं. रिसर्च पुढे सुरू होतो. समजा तुम्ही विसर्जनाच्या आधी दुपारी तीनला पाणी घेतलं आणि नंतर सकाळी सहाला, तर ऑक्सिजन कमी दिसणारच, मूर्ती असो नसो. कारण रात्रभर पाण्यातलं सगळं जिवंत श्वास घेत असतं आणि उजेड नसल्याने शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, म्हणून पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी जास्त. पाणी गरम झालं की त्यात मावतोही कमी, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम तर ३० ला साधारण ७.५. म्हणजे वेळ तीच पाहिजे, खोली तीच, तापमान लिहिलेलं पाहिजे, पाऊस पडला का तेही. विसर्जनाच्या आधीचं एकच रीडिंग घेऊन चालत नाही, तीन-चार दिवसांची घ्या म्हणजे नेहमीची चढउतार किती ती कळेल. आणि जिथे विसर्जन होतच नाही असा एखादा तलाव सोबत मोजा, ह्यालाच कंट्रोल म्हणतात, कारण पाऊस आणि ऊन दोन्हीकडे सारखंच असतं. शिवाय हल्ली महापालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करते, मग प्रश्न बदलून असाही करता येतो की कृत्रिम तलावामुळे मूळ तलावात खरंच फरक राहतो का. बघा, एका साध्या बाटलीतून किती निघालं. ऑस्टिनवाले पहिलं सेमिस्टर ह्याच विचारावर घालवतात आणि आपण ते एका रविवारी घरी बसून करू शकतो.

नवी मुंबईवाल्यांना खाडी आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं. लांबून पक्षी मोजणं, ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या साईटवर नोंदी टाकणं हे कुणीही करू शकतं, पण अभयारण्यातून पाणी-गाळ-रोप काहीही उचलायचं असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते, ती कॉलेजच्या लेटरहेडवर शिक्षकांमार्फत मागायची. ऐरोलीला त्यांचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन या, निदान कुठली कांदळ कुठली ते ओळखता येईल. आणि भरती-ओहोटीचं टेबल न बघता खाडीवर जाऊ नका प्लीज, रीडिंगचं सोडा, चिखलात पाय अडकतो.

फिजिक्स-मॅथ्सवाल्यांना वाटेल आपल्याला काय. तुमचं उलट सोपं आहे, बाटलीपण लागत नाही. लॅपटॉप, पायथन, आणि फुकट उपलब्ध डेटा. रॅड ॲट होम नावाचा आपला भारतीय सिटिझन सायन्स ग्रुप आहे, २०१३ पासून, त्यात बीएस्सीची मुलं जीएमआरटी ह्या आपल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या नकाशांमध्ये विचित्र दिसणाऱ्या गॅलक्सी शोधतात. जीएमआरटी स्वतः बघायचा असेल तर नारायणगावजवळ खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास सायन्स डेला सगळ्यांसाठी उघडा असतो.

पायरी ३. वाचायचं कसं आणि लिहून कसं ठेवायचं

पेपर वरून खाली वाचू नका, झोप येईल. ॲबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी, मग शेवटचं डिस्कशन, आणि गरज पडली तरच मेथड्स. पैसे मागणाऱ्या पेपरसाठी कॉलेजच्या लायब्रेरियनकडे एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीची ऑनलाइन जर्नल-पुस्तकांची योजना) लॉगिन मागा, बऱ्याच कॉलेजांकडे असतं आणि वर्षानुवर्षं कुणी मागतच नाही. आर्काइव्ह, बायोआर्काइव्ह, पबमेड सेंट्रल तर फुकटच. अगदी सुरुवातीला रेझोनन्स मासिक वाचा, इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं, १९९६ पासूनचे सगळे अंक नेटवर आहेत आणि ते अंडरग्रॅज्युएट मुलांसाठीच लिहिलेलं असतं.

नोंदवही बाउंड घ्या, पानांना नंबर टाका, पेनाने लिहा. चुकलं तर एक रेघ मारायची, व्हाइटनर नाही. सबमिशनच्या जर्नलमध्ये आपण सगळे शेजारच्याचं रीडिंग थोडं फिरवून लिहितो हे सगळ्यांना माहितीये, ती सवय इथे दारातच सोडायची. न जुळणारं रीडिंगच पुढे कामाचं निघतं.

पायरी ४. बाहेरचे दरवाजे

सगळ्यात जवळचा मानखुर्दला आहे. होमी भाभा सेंटर फॉर सायन्स एज्युकेशन, टीआयएफआर ह्या कुलाब्याच्या मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग, वाशीहून हार्बरने खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला येऊन गाडी बदलायची. लोकांना ते फक्त ऑलिम्पियाडसाठी माहीत असतं, पण २००४ पासून तिथे नियस नावाचा कार्यक्रम चालतो आणि तो बीएस्सीच्या पहिल्या वर्षांतल्या मुलांनाच डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. अर्ज, मग सुट्टीतला कॅम्प, आणि त्यातून काहींना मेंटरसोबत प्रोजेक्ट, जो पुढच्या सुट्ट्यांमध्ये येऊन-जाऊन पूर्ण करायचा. वर सांगितलेल्या परदेशी मॉडेलच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट हीच. देशभरातून पोरं रात्रभर ट्रेनने येतात आणि आपले वाशीचे लोक पंधरा मिनिटांवर असून अर्ज भरत नाहीत, काय बोलायचं. अर्जाच्या तारखा दरवर्षी सरकतात, साईट बुकमार्क करून ठेवा.

आविष्कार विसरू नका. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये ही संशोधन स्पर्धा होते, यूजीचा गट वेगळा असतो, मुंबई युनिव्हर्सिटीची आधी झोनल राउंड, मग फायनल, मग राज्य. तलावाचा प्रोजेक्ट सप्टेंबर-ऑक्टोबरला संपला तर पोस्टर तयार करायला बरोबर वेळ मिळतो. परीक्षक पोस्टरच्या रंगांपेक्षा "कंट्रोल कुठला घेतला" हे विचारतात, त्याचं उत्तर तुमच्याकडे आता आहे.

इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस आणि बाकी दोन विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये, हे एसवाय-टीवायला बघा, पण त्यात स्वतःचं एक छोटं लिखाण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. एफवायला काम केलेलं नसेल तर लिखाणात काय लिहिणार आणि मॅडम पत्रात काय लिहिणार? म्हणून पायरी १. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, विद्यार्थ्यांसाठी ओपन डे असतो, लाइफ सायन्सवाल्यांनी तो गाठा आणि तिथल्या पीएचडीच्या लोकांशी बोला, लॅबचं खरं आयुष्य त्यांच्याकडूनच कळतं. केव्हीपीवाय ह्या जुन्या सरकारी फेलोशिपबद्दल अजूनही विचारतात लोक, ती २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये (त्याबद्दल पायरी ५ मध्ये) गेली.

अनोळखी शास्त्रज्ञाला मेल करताना दहा ओळींच्या वर जाऊ नका. कोण आहात, त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यातलं काय विचारावंसं वाटलं, काय येतं, किती दिवस मोकळे आहात, एक पानाचा सीव्ही. एकच मेल पन्नास जणांना सीसी करून टाकणारे महाभाग आहेत, तसं करू नका, लगेच कळतं. दहा दिवस थांबून एकदाच आठवण करा, मग सोडून द्या.

पायरी ५. पैसे आणि मार्क

बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असाल आणि बेसिक सायन्सला बीएस्सी करत असाल तर इन्स्पायर-शी स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८०,०००, देशभरात १२,००० जागा. त्यातले ६०,००० हातात, आणि २०,००० उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी, म्हणजे सरकार तुम्हाला पहिल्या वर्षापासूनच प्रोजेक्ट करा म्हणतंय. बरेच जण हा प्रोजेक्ट मे महिन्याच्या शेवटी कुणाची तरी सही घेऊन उरकतात. तीन वर्षं तीन उन्हाळे मिळतात, तेच सलग एका विषयावर वापरले तर ऑस्टिनवाल्यांपेक्षा जास्त काम होईल.

मार्क सोडू नका हे मीपण सांगणार, पण कारण वेगळं. नवीन चार वर्षांच्या डिग्रीत चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि त्या सहात एफवायचे दोन येतात. लॅबच्या नादात हजेरी कमी पडून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं तर ज्या मॅडमनी लॅबमध्ये घेतलं त्यांनाच ऐकून घ्यावं लागतं, तेही लक्षात असू द्या.

पायरी ६. कुठे फसू नये

पैसे भरा आणि सात दिवसांत पेपर छापून देतो असले मेसेज व्हॉट्सॲपवर येतात, त्यात 'इंटरनॅशनल जर्नल' हे शब्द असतातच. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद केली त्यामुळे आता यादीत आहे का एवढं बघूनही भागत नाही, शिक्षकांना विचारा, त्यातले जुने दोन-तीन पेपर उघडून वाचा, बकवास असेल तर एफवायच्या मुलालाही कळतं. तीन हजार भरून ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट हाही त्यातलाच प्रकार. पहिल्या वर्षी पेपर नाही आला तर काहीही बिघडत नाही, तिकडेही बहुतेकांचा येत नाही.

शेवटी कागद. बाहेरच्या कुठल्याही संस्थेत जायचं तर बोनाफाइड आणि कॉलेजचं एनओसी लागतं, ऑफिसात ते द्यायला आठवडा लागू शकतो आणि परीक्षा फॉर्मच्या दिवसांत तर खिडकीवर उभंही राहू देत नाहीत. म्हणून जुलैतच दोन-तीन कॉप्या काढून ठेवा, आयकार्डवर शिक्का मारून घ्या, आणि गेटवर दाखवायला आधार सोबत ठेवा, टीआयएफआर असो की अणुशक्तीनगर, नुसत्या कॉलेजच्या आयडीवर आत सोडतील ह्या भरवशावर कुलाब्यापर्यंत जाऊ नका.